तबकडी लिहिली, पण वाजेना

१. वर्षश्राद्धाचा दिवस

वाचकहो, ही एका शेतकऱ्याच्या घरची गोष्ट आहे. गावात लहानथोर सगळे त्याला मामा म्हणतात आणि त्याच्या बायकोला मामी. आपणही तसेच म्हणू.

मामांची आई फार चांगल्या ओव्या म्हणायची. गावात पिठाची गिरणी आली, तरी तिने घरचे जाते बाहेर टाकले नाही. सणासुदीला ती पहाटे उठायची. मूठभर दाणे घालायची आणि ओवी धरायची. तिला तीन लेकी. तिघी तीन गावांना दिलेल्या. त्यांची नावे घेऊन ती ओव्या म्हणे.

एका दिवाळीच्या सुट्टीत नातवाने आजीचा आवाज मोबाइलमध्ये धरून ठेवला. अकरा दिवस त्याने मोबाइल जात्याशेजारी ठेवला. त्याचे अकरा तुकडे झाले. पुढच्या आषाढात आजी गेली.

घरात एक जुना कॉम्प्युटर होता. मोबाइल बिघडू लागला, तेव्हा नातवाने दहा तुकडे कॉम्प्युटरमध्ये ठेवले. अकरावा तुकडा एका पेन ड्राइव्हवर राहिला. नंतर तो मोबाइल बंदच पडला.

वर्षश्राद्ध जवळ आले. मामी म्हणाल्या, "अहो, तिन्ही वन्सं येणार. साडीचोळी तर करूच. पण आत्याबाईंचा आवाज त्यांना दिला, तर त्याहून मोठी भेट कोणती? तिघींच्या घरी डीव्हीडी प्लेयर आहे. आपण तबकड्या करून देऊ."

मामांना हे पटले. त्यांनी तालुक्याहून पाच कोऱ्या सीडी आणल्या. एका ओळखीच्या माणसाने सीडी लिहिणारा एक प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये घालून दिला. "फुकट आहे आणि सोपा आहे," असे तो म्हणाला. नातवाने अकराही तुकडे घेऊन तीन तबकड्या लिहिल्या. दर वेळी पडद्यावर हिरवी खूण आली. तिच्याखाली इंग्रजीत लिहिले होते, 'सक्सेसफुल'. म्हणजे काम फत्ते झाले.

झाले म्हणाले, म्हणून सर्वांनी मानले. कॉम्प्युटरमध्ये जागा कमी होती. नातवाने दहा तुकडे पुसले. पेन ड्राइव्हही पुसला आणि त्यावर एका लग्नाची फिल्म भरली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणे उरकली. बायका ओसरीवर बसल्या. शेजारणीही आल्या. मामींनी पहिली तबकडी प्लेयरमध्ये घातली. यंत्र घरघरले. तबकडी फिरली. पण आवाज आला नाही. दुसरी घातली, तिसरी घातली. तोच प्रकार.

थोरली लेक म्हणाली, "दादा, आई बोलत का नाही रे?"

मामांनी मान खाली घातली.

२. कचरापेटी

थोरलीची मुलगी तिच्याबरोबर आली होती. ती तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. ती उठली आणि मामांजवळ गेली.

"मामा, मूळ तुकडे कुठं आहेत?"

"पुसले गं पोरी. यंत्रानंच सांगितलं, झालं म्हणून."

"बरं. कॉम्प्युटरची कचरापेटी रिकामी केली का?"

नातू म्हणाला, "नाही ताई. ती तशीच आहे."

"मग आता कुणीही कॉम्प्युटरला हात लावू नका. नवीन काही त्यात भरू नका," भाची म्हणाली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर कचरापेटीचे एक चित्र असते. तिला 'रिसायकल बिन' म्हणतात. कॉम्प्युटरमधली वस्तू पुसली, तर ती बहुधा आधी या पेटीत पडते. पेटी रिकामी केली नसेल, तर ती वस्तू परत मिळते. भाचीने पेटी उघडली. दहाही तुकडे आत होते. तिने एकेका तुकड्यावर माऊसचे उजवे बटण दाबले आणि 'रिस्टोअर' हा शब्द निवडला. तुकडे आपल्या जागी परत आले.

मग तिने पेन ड्राइव्ह मागितला. तो पाहून ती गप्प झाली. पेन ड्राइव्हवरून पुसलेली वस्तू सहसा कचरापेटीत पडत नाही. तरीही पुसलेले काही वेळा परत काढता येते. अट एकच. त्या जागेवर दुसरे काही लिहिलेले नसावे. पण इथे तर लग्नाची भली मोठी फिल्म भरली होती. भाचीने खूप खटपट केली. अकरावा तुकडा मिळाला नाही.

त्या तुकड्यात आजीने धाकट्या लेकीचे नाव घेतले होते. धाकटी काही बोलली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला.

भाचीने आपल्या पिशवीतून दुसरा पेन ड्राइव्ह काढला. वाचलेले दहा तुकडे आधी त्यावर उतरवून घेतले. एक तुकडा उघडून सर्वांना ऐकवला. आजीचा आवाज ओसरीवर आला. मग ती म्हणाली, "आता बघू या, दोष कुणाचा आहे ते."

३. तबकडीवर लिहितात कसे?

दोष शोधायचा, तर आधी काम कसे चालते ते समजून घेतले पाहिजे.

जपानची सोनी आणि हॉलंडची फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून सीडी तयार केली. १९८२ साली ती बाजारात आली. त्या वेळी गाणी कारखान्यातच भरत. घरी लिहिता येणारी सीडी पुढे आली.

सीडीची रुंदी १२ सेंटिमीटर असते. ती प्लास्टिकची असते. घरी लिहायच्या कोऱ्या सीडीत रंगाचा एक पातळ थर असतो. त्यावर चकाकणारा थर असतो. कॉम्प्युटरमध्ये तबकडी घालायचा जो खण असतो, त्याला ड्राइव्ह म्हणतात. ड्राइव्हमध्ये लेझर नावाचा बारीक, तीव्र प्रकाश असतो. हा प्रकाश रंगाचा थर तापवतो आणि त्यावर सूक्ष्म डाग पाडतो. हे डाग म्हणजेच तबकडीची अक्षरे. वाचताना सौम्य प्रकाश टाकतात. डागावरून तो कमी परत येतो, कोऱ्या जागेवरून जास्त येतो. त्यावरून यंत्राला मजकूर कळतो.

डागांची ही ओळ आतून बाहेर गोल गोल जाते. ती सरळ पसरली, तर ५ किलोमीटरांहून लांब होईल! इतकी ती बारीक असते. साध्या सीडीवर सुमारे ८० मिनिटांचे गाणे मावते. डीव्हीडी दिसायला तशीच, पण तिच्यावर सीडीच्या सहापट मजकूर मावतो.

साध्या कोऱ्या सीडीवर एका जागी एकदाच लिहिता येते. पडलेला डाग पुसता येत नाही. म्हणून लिहिताना चूक झाली, तर ती तबकडी बहुधा वायाच जाते.

आता प्रोग्रॅम म्हणजे काय? कॉम्प्युटरने काय करायचे, कसे करायचे, याच्या आज्ञा म्हणजे प्रोग्रॅम. सीडी लिहिणारा प्रोग्रॅम तुकडे गोळा करतो आणि ड्राइव्हला क्रमाने पुरवतो.

हे काम पेरणीसारखे आहे. बैल पाभर ओढत असतात. बाई चाड्यावर मूठ धरून बी सोडत असते. तिचा हात थांबला, तरी बैल चालतच राहतात. मग तेवढी ओळ रिकामी जाते. तसेच इथे होते. ड्राइव्ह म्हणजे पाभर आणि प्रोग्रॅम म्हणजे मूठ. मजकुराची धार तुटली, तर तबकडी बिघडे. नंतरच्या ड्राइव्हमध्ये धार तुटली तर थांबून पुन्हा धरण्याची युक्ती आली. पण प्रोग्रॅमच कच्चा असेल, तर ड्राइव्ह तरी काय करील?

शेवटी आणखी एक काम राहते. कोणता तुकडा कुठे आहे, त्याची यादी तबकडीवर लिहावी लागते. पुस्तकाची अनुक्रमणिका असते ना, तशी. ही यादी लिहिली नाही, तर आत मजकूर असूनही प्लेयरला तो सापडत नाही.

४. दोष कुणाचा?

तबकडी वाजली नाही, तर तीन ठिकाणी दोष असू शकतो. तबकडीत, ड्राइव्हमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये. भाचीने तिन्हींची परीक्षा केली. ती कशी, ते पाहा.

पहिली परीक्षा. घरात अभंगांची विकत आणलेली एक सीडी होती. भाचीने ती कॉम्प्युटरमध्ये घातली. अभंग सुरू झाले. म्हणजे ड्राइव्हला वाचता येते.

दुसरी परीक्षा. तिने नातवाने लिहिलेली तबकडी उजेडात तिरपी धरली. चकचकीत बाजूला मधल्या भोकाभोवती वेगळ्या रंगाचे रुंद कडे दिसले. बाहेरचा भाग फिका होता. कडे दिसते, म्हणजे लेझरने काहीतरी लिहिले आहे. पण तीच तबकडी कॉम्प्युटरमध्ये घातली, तर कॉम्प्युटर म्हणाला, 'ही कोरी आहे.'

मामी म्हणाल्या, "डोळ्यांना लिहिलेलं दिसतंय आणि यंत्र म्हणतंय कोरी! असं कसं गं?"

"मामी, अनुक्रमणिकाच लिहिली नाही. काम अर्धं टाकून प्रोग्रॅमनं हिरवी खूण दाखवली."

तिसरी परीक्षा. आणलेल्या पाच सीडींतल्या दोन उरल्या होत्या. त्यांतली एक भाचीने घेतली. या वेळी तिने तो प्रोग्रॅम वापरला नाही. विंडोजमध्येच सीडी लिहिण्याची सोय असते. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून ती आहे. तिने त्या सोयीने एक तुकडा लिहिला. तबकडी बाहेर काढली, पुन्हा घातली आणि उघडली. आजीचा आवाज आला.

तबकडी त्याच पुडक्यातली, ड्राइव्ह तोच. बदलला फक्त प्रोग्रॅम. म्हणजे दोष प्रोग्रॅमचा ठरला.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पाहायचा. दोष शोधण्याची ही रीत आहे. पीक पिवळे पडले, तर आपण एकदम खत, पाणी आणि औषध तिन्ही बदलत नाही. बदलले, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पुढे पाहता आणखी एक गोष्ट उघड झाली. कॉम्प्युटरमध्ये सीडी लिहिणारे दोन प्रोग्रॅम होते. एक कॉम्प्युटर घेतला तेव्हापासूनचा होता. तो फार जुन्या विंडोजसाठी केलेला होता. दुसरा हा फुकटचा. दोघेही एकाच ड्राइव्हवर हक्क सांगत होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

५. प्रोग्रॅम काढायचा कसा?

मामा रागाने म्हणाले, "काढून टाक ते पाप." त्यांनीच माऊस धरला आणि पडद्यावरचे प्रोग्रॅमचे चित्र पुसून टाकले. "गेलं बघ!"

भाची हसली. "मामा, हरळी वरवर कापली तर जाते का?"

"छे! मूळ खाली राहतं. पुन्हा फुटते."

"मग हेही तसंच. चित्र म्हणजे नुसता पाला. मूळ आत आहे."

प्रोग्रॅम मुळासकट काढण्याची रीत भाचीने मामींना कागदावर लिहून दिली. मामी साक्षरता वर्गात जातात. त्यांनी ती मोठ्याने वाचली. ती अशी:

एक. आपल्या मोलाच्या वस्तू आधी दुसरीकडे उतरवून घ्या. पेन ड्राइव्ह चालेल. उतरवलेले उघडून पाहा.

दोन. 'रिस्टोअर पॉइंट' करा. ही विंडोजची आजची स्थिती जपून ठेवण्याची खूण आहे. पुढे काही बिघडले, तर विंडोज या खुणेपाशी परत नेता येते. पण पुसलेली गाणी किंवा फोटो यामुळे परत येत नाहीत, हे विसरू नका.

तीन. प्रोग्रॅम चालू असेल, तर बंद करा. काही प्रोग्रॅम गुपचूप चालू असतात. त्यांचे छोटे चित्र पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाजवळ दिसते. तिथूनही तो बंद करा.

चार. 'सेटिंग्ज' उघडा. त्यात 'ॲप्स' पाहा. जुन्या विंडोजमध्ये 'कंट्रोल पॅनेल' उघडून 'प्रोग्रॅम्स' पाहा. तिथे कॉम्प्युटरमधल्या सर्व प्रोग्रॅमची यादी असते. त्यातले नको ते नाव शोधा आणि 'अनइन्स्टॉल' दाबा. अनइन्स्टॉल म्हणजे मुळासकट काढणे.

पाच. पडद्यावर प्रश्न आला, तर वाचून उत्तर द्या. न वाचता 'हो' म्हणू नका. वाचता आले नाही, तर जाणत्याला विचारा.

सहा. यादी पुन्हा पाहा. फुकटच्या प्रोग्रॅमबरोबर कधी कधी न बोलावलेले सोबतीही येतात. त्याच दिवशी आलेले अनोळखी नाव दिसले, तर चौकशी करून तेही काढा.

सात. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. मगच दुसऱ्या प्रोग्रॅमला हात घाला. एका वेळी एकच काढा.

मामी वाचून थांबल्या. म्हणाल्या, "पाचवी गोष्ट तर आमच्या वर्गातलीच आहे. न वाचता अंगठा द्यायचा नाही."

"तेच तर, मामी. कागद असो की पडदा, नियम एकच."

६. ड्राइव्ह दिसेनासा झाला

भाचीने फुकटचा प्रोग्रॅम काढला. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. मग जुना प्रोग्रॅम काढला. पुन्हा चालू केला. 'धिस पीसी' उघडून पाहिले, तर सीडी ड्राइव्ह दिसेना!

मामा घाबरले. "झालं! आता तर यंत्रच मेलं. होतं ते बरं होतं."

"मेलं नाही, मामा. हा ओळखीचा आजार आहे."

असे का होते, ते ऐका. सीडी लिहिणारे काही प्रोग्रॅम विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये आपला एक चौकीदार बसवतात. ड्राइव्हकडे जाणारे काम या चौकीदाराकडून जाते. चौकीदाराची नोंद विंडोजच्या दप्तरात होते. या दप्तराला 'रजिस्ट्री' म्हणतात. प्रोग्रॅम नीट काढला गेला, तर नोंदही जाते. पण काही प्रोग्रॅम जाताना ती नोंद तशीच ठेवून जातात. विंडोज दप्तर उघडते. चौकीदाराचे नाव वाचते. त्याला हाक मारते. पण तो तिथे नसतो. मग सारे काम अडते आणि ड्राइव्ह दिसेनासा होतो.

मामा म्हणाले, "म्हणजे कूळ गेलं, पण सातबाऱ्यावर नाव राहिलं!"

"अगदी तसंच. आता फेरफार करायला हवा."

भाचीने आधी सोपा उपाय केला. विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' म्हणून यंत्रांची यादी असते. त्यात सीडी ड्राइव्हच्या नावापुढे पिवळी खूण होती. पिवळी खूण म्हणजे इथे अडचण आहे. तिने त्या नावावर उजवे बटण दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडले. मग कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. असे केले, की विंडोज ड्राइव्हची ओळख नव्याने करून घेते. बरेच वेळा एवढ्याने काम होते. या वेळी झाले नाही. पिवळी खूण राहिलीच.

मग तिने दप्तर उघडले. त्यात सीडी ड्राइव्हच्या पानावर दोन नोंदी होत्या. 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' ही त्यांची नावे. आधी तिने त्या पानाची नक्कल काढून जपून ठेवली. मग त्या दोन नोंदी काढल्या. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. ड्राइव्ह दिसू लागला. पिवळी खूण गेली.

वाचकहो, हे शेवटचे काम तुम्ही स्वतः करू नका. तलाठ्याच्या दप्तरात चुकीच्या ओळीवर रेघ मारली, तर भलत्याचेच शेत जाईल. तसेच इथे आहे. चुकीची नोंद निघाली, तर सारा कॉम्प्युटर बंद पडू शकतो. हे काम जाणत्याकडूनच करून घ्या. पण असा आजार असतो आणि त्याला उपाय आहे, एवढे तुम्हांला माहीत हवे. नाहीतर कुणी सांगेल, 'ड्राइव्ह मेला, नवा घ्या.' आणि तुम्ही उगाच पैसे मोजाल. दुकानात गेलात, तर विचारा, "सीडीचा प्रोग्रॅम काढल्यावर ड्राइव्ह दिसेनासा झाला. त्याची नोंद मागे राहिली आहे का, ते पाहाल का?"

७. नवी तबकडी

आता लिहिण्याचे काम. विंडोजमध्ये कोरी सीडी घातली, की एक प्रश्न येतो. तबकडी पेन ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी प्लेयरवर लावायची? पहिल्या रीतीची तबकडी दुसऱ्याच्या प्लेयरवर न चालण्याचा संभव असतो. म्हणून नातेवाइकांना द्यायची असेल, तर दुसरी रीत निवडावी.

गाणी असतील, तर 'विंडोज मीडिया प्लेयर' उघडून 'ऑडिओ सीडी' करावी. मोबाइलमधला आवाज ज्या रूपात असतो, ते रूप जुन्या प्लेयरला कळतेच असे नाही. ऑडिओ सीडीचे रूप मात्र जुन्यातल्या जुन्या सीडी प्लेयरलाही कळते. आजीचे दहा तुकडे मिळून तासाभराचे होते. ८० मिनिटांत ते सहज मावले.

भाचीने वेग कमी ठेवला. लिहिताना कॉम्प्युटरवर दुसरे काम केले नाही. तबकडी तयार झाली. पडद्याने सांगितले, झाले.

मामांनी तबकडी हातात घेतली. पण ते खूश झाले नाहीत. म्हणाले, "हा मागंही झालं म्हणाला होता. आधी वाजवून दाखव."

"बरोबर बोललात, मामा. पेरलं म्हणजे उगवलं नव्हे."

तबकडी ओसरीवरच्या प्लेयरमध्ये घातली. पहिला तुकडा ऐकला, मधला ऐकला आणि शेवटचाही ऐकला. तिन्ही नीट होते. तेव्हा मामांच्या जिवात जीव आला. शेजारच्या दुकानातून आणखी दोन कोऱ्या सीडी आणल्या. त्याही लिहून, वाजवून पाहिल्या.

थोरलीला तबकडी मिळाली. मधलीला मिळाली. धाकटीनेही घेतली. पण तिच्या नावाची ओवी तीत नव्हती.

मामी जात्यापाशी गेल्या. वीस वर्षे त्या सासूबरोबर दळायला बसल्या होत्या. त्यांनी खुंटा धरला आणि धाकटीच्या नावाची ओवी म्हटली. नातवाने ती मोबाइलमध्ये धरली. आवाज सासूचा नव्हता. शब्द तेच होते. मग मामींनी वही घेतली आणि ती ओवी आपल्या अक्षरात लिहून धाकटीच्या हातात दिली. अक्षर थोडे वाकडे होते. धाकटीने ते दोनदा वाचले.

८. एवढे लक्षात ठेवा

यंत्र 'झाले' म्हणाले, म्हणजे झाले असे धरू नका. नक्कल उघडून पाहा, ऐकून पाहा. तोवर मूळ पुसू नका.

मोलाच्या वस्तूच्या दोन तरी नकला ठेवा. त्या दोन घरांत ठेवा. एक तबकडीवर आणि एक पेन ड्राइव्हवर असली, तर अधिक चांगले. हल्ली पुष्कळ नव्या कॉम्प्युटरमध्ये तबकडीचा ड्राइव्ह नसतो. शिवाय तबकडी कायम टिकत नाही. वर्षातून एकदा ती लावून पाहा.

तबकडी उन्हात, चुलीजवळ ठेवू नका. तिला कडेने धरा. सीडीच्या नाव लिहायच्या बाजूला ओरखडा पाडू नका. चकाकणारा थर त्याच बाजूला अगदी वर असतो. टोकदार पेनाने लिहू नका, मऊ टोकाच्या पेनाने लिहा.

साध्या कामाला विंडोजची सोय पुरते. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरचा फुकट प्रोग्रॅम घरात घेऊ नका. अनोळखी बी आपण शेतात पेरतो का?

शब्दांचे अर्थ

तबकडी: सीडी किंवा डीव्हीडी.
ड्राइव्ह: तबकडी वाचणारे आणि लिहिणारे यंत्र.
प्रोग्रॅम: कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञा.
अनइन्स्टॉल: प्रोग्रॅम मुळासकट काढणे.
रजिस्ट्री: विंडोजचे नोंदींचे दप्तर.

प्रश्न

१. दहा तुकडे परत मिळाले. अकरावा का मिळाला नाही?
२. दोष प्रोग्रॅमचा आहे, हे भाचीने कसे ठरवले?
३. पडद्यावरचे चित्र पुसले, तर प्रोग्रॅम जातो का? तो कसा काढावा?
४. प्रोग्रॅम काढल्यावर ड्राइव्ह दिसेनासा का झाला?
५. तुमच्या घरात कुणाचा आवाज, कोणते फोटो किंवा कागद जपण्यासारखे आहेत? त्यांच्या नकला कुठे ठेवाल, ते चार ओळींत लिहा.